तीच फेरी, दोन घड्याळं आणि न जुळणारे किलोमीटर

दोघं बरोबर निघतात, एकाच वाटेनं चालतात, एकाच बाकावर येऊन टेकतात आणि मनगटं शेजारी धरून पाहतात, तर एकाचे ३.४ किलोमीटर झालेले आणि दुसऱ्याचे २.८५. बडोद्याच्या कामाटीबागेत सकाळी फिरणाऱ्या आपल्या मराठी मंडळींत ही तक्रार इतक्यांदा ऐकू येते की गुडघेदुखीचा नंबर आता दुसरा लागतो. मग कोणी पट्टा घट्ट करतं, कोणी घड्याळ बंद करून पुन्हा चालू करतं, कोणी मुलाला फोन लावून "हे परत कर रे, बिघडलंय" म्हणून सांगतं. बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. घड्याळाला तुमच्या पावलाची लांबी ठाऊक नसते, म्हणून ते अंदाजानं काम भागवतं.

साधा फिटनेस बँड पावलं मोजतो. अंतर तो मोजत नाही, हिशेबानं काढतो. आत एक इवलासा ॲक्सेलरोमीटर असतो. हात झुलला, पाय जमिनीवर टेकला, की त्याला तीन दिशांतली हालचाल कळते. त्या हालचालीत चालण्याचा ठरावीक ताल सापडला की पावलांचा आकडा वाढायला लागतो. मग त्या आकड्याला एका पावलाच्या लांबीनं गुणायचं, झाले किलोमीटर. जीपीएस नसेल किंवा बंद असेल, तर अंतर काढायला त्याच्याकडे दुसरं साधनच नाही.

ही लांबी येते कुठून? घड्याळ पहिल्यांदा फोनला जोडलं तेव्हा तुम्ही उंची भरली होती, स्त्री की पुरुष तेही भरलं होतं. पुष्कळ ठिकाणी वापरलं जाणारं ठोकताळ्याचं सूत्र असं आहे: पुरुष असेल तर उंची गुणिले ०.४१५, स्त्री असेल तर उंची गुणिले ०.४१३. वय, वजन, पायातली चप्पल, गुडघ्याचं ऑपरेशन, चालायची सवय, यातलं काहीही या सूत्रात येत नाही.

परवा एका काकूंनी मला याच कारणानं अडवलं होतं. "अहो, मी यांच्या पुढे चालते, वळणावर थांबून यांची वाट बघते, आणि किलोमीटर मात्र यांचे जास्त! हे कसं काय?" काका बाजूला उभे राहून हसत होते. आता हिशेब पाहा. काका १७५ सेंटीमीटर उंच असतील तर घड्याळाच्या लेखी त्यांचं पाऊल ७२.६ सेंटीमीटरचं. काकूंची उंची १५२ धरली तर त्यांचं ६२.८. पण काका आता रमतगमत चालतात, वयानुसार पाऊल आखडलेलं, समजा ६४ सेंटीमीटर. काकू झपझप चालणाऱ्या, त्यांचं ६६. तीन किलोमीटरची फेरी काकांना सुमारे ४,६९० पावलांची पडते, काकूंना ४,५४५ पावलांची. घड्याळ आपल्या ठोकताळ्यानं गुणाकार करतं आणि काकांना ३.४ किलोमीटर देतं, काकूंना २.८५. दोन्ही घड्याळांनी पावलं अगदी चोख मोजली, तरीही दोन्ही अंतरं चुकली. उंच आणि सावकाश चालणाऱ्याला फुकटचे मीटर मिळतात, बुटक्या आणि चपळ माणसाचे कापले जातात.

आधी चूक किती पटीची आहे ते काढा

लोक इथेच घाई करतात. सेटिंगमध्ये शिरतात, हे बदल, ते बदल, आणि शेवटी कशानं काय झालं तेच कळत नाही. त्याऐवजी आधी एखादं खरोखर माहीत असलेलं अंतर चाला आणि घड्याळानं दाखवलेल्या आकड्याला खऱ्या अंतरानं भागा. निम्मं निदान त्या भागाकारातच होतं.

उत्तर साधारण ०.६२ आलं, म्हणजे तीन किलोमीटरच्या जागी १.८६ दिसत असेल, तर ॲप मैल दाखवतंय. एक मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर. एकक बदला, विषय संपला. उत्तर जवळजवळ २ किंवा जवळजवळ अर्धं आलं, तर पावलाच्या लांबीच्या रकान्यात गफलत झाली आहे. चालण्याच्या शास्त्रात स्ट्राइड म्हणजे डावं-उजवं मिळून दोन पावलं. पण बऱ्याच ॲपांत स्ट्राइड लेंग्थ म्हणून जो रकाना असतो, त्यात एकाच पावलाची लांबी हवी असते. कोणी हुशारीनं नेटवर वाचून १३० सेंटीमीटर भरलं की रोज घरबसल्या दुप्पट फिरणं होतं.

आठ-दहा-पंधरा टक्क्यांची चूक, आणि रोज त्याच दिशेनं: हा पावलाच्या लांबीचा दोष, आणि तो सर्वांत जास्त आढळतो. एक दिवस जास्त, एक दिवस कमी, कशाचा कशाला मेळ नाही: मग एक तर पावलंच नीट मोजली जात नाहीत, किंवा जीपीएस गोंधळ घालतोय. त्या दोन्हींकडे पुढे येतो.

उंचीचा रकानाही एकदा उघडून बघा. आपल्याकडे उंची फूट-इंचात सांगायची सवय आणि ॲपला हवी असते दशांशात. पाच फूट दहा इंच असलेला माणूस ५.१० भरतो, ॲप ते ५.१ फूट म्हणून घेतं, आणि १७७.८ सेंटीमीटरचा गडी १५५ चा होऊन बसतो. ठोकताळ्याचं पाऊल ७३.८ वरून ६४.५ वर येतं. उंची सेंटीमीटरमध्येच भरावी, हे बरं.

आणि "खरोखर माहीत असलेलं अंतर" याचा अर्थ ऐकीव अंतर नव्हे. बागेची एक फेरी म्हणजे दीड किलोमीटर, असं कोणीतरी ठामपणे सांगतं. खोलात गेलं की कळतं, तो आकडा त्याच्याच घड्याळानं दिलेला असतो. त्याच्यावरून आपलं घड्याळ तपासायचं म्हणजे चोराच्या साक्षीनं चोर सोडण्यासारखं आहे.

पाऊल कसं मोजायचं

सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे क्रिकेटची खेळपट्टी. एका टोकाच्या स्टंपपासून दुसऱ्या टोकाच्या स्टंपपर्यंत २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर. पोलो ग्राउंडवर सकाळी पोरं खेळायला यायच्या आधी जा. मात्र पोरांनी स्वतःच्या अंदाजानं रोवलेल्या स्टंपांवर विसंबू नका, ते अंतर गोलंदाजाच्या दमाप्रमाणे बदलतं. तयार पक्की खेळपट्टी असेल तरच. खेळपट्टीतही एक अडचण आहे: वीस मीटरमध्ये तीसेक पावलं पडतात, शेवटचं अर्धं पाऊल इकडे-तिकडे झालं की दीड टक्क्याची चूक आलीच. त्यामुळे एका फेरीवर समाधान मानू नका.

माझ्या मते सर्वांत भरवशाचं साधन म्हणजे गवंड्याकडे किंवा घराचं काम काढणाऱ्या ठेकेदाराकडे असते ती तीस मीटरची टेप. सोसायटीच्या आतला सरळ रस्ता घ्या, टेप लावत लावत १०० मीटर मोजा, दोन्ही टोकांना खडूनं रेघ ओढा. सुरुवातीच्या रेघेच्या आठ-दहा पावलं मागून चालायला लागा, म्हणजे रेघेवर येईपर्यंत चाल लागलेली असेल. रेघ ओलांडल्यापासून मोजायला सुरुवात, दुसरी रेघ ओलांडेपर्यंत. तिथे थांबू नका, तसेच पुढे जा आणि मग वळा. परत येताना पुन्हा मोजा. जाण्या-येण्याची सरासरी काढा. १०० मीटरला १५४ पावलं पडली तर एक पाऊल ६५ सेंटीमीटरचं.

मोजताना प्रत्येक पाऊल मोजत बसलात तर साठच्या आकड्यापुढे जीभ अडखळते. फक्त उजवा पाय मोजा आणि दुप्पट करा.

खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याला मोजतायत हे कळलं की माणूस प्रजासत्ताक दिनाच्या संचलनासारखा चालायला लागतो. छाती पुढे, पाऊल लांब. आलेला आकडा त्याच्या संचलनाचा असतो, रोजच्या चालण्याचा नसतो. यावर उपाय म्हणजे नातवाला किंवा सुनेला मागून फोनवर व्हिडिओ काढायला सांगायचं, आणि तोही गप्पा मारत चालताना. नंतर व्हिडिओ बघून पावलं मोजता येतात. एरवी ज्यांच्याबरोबर फिरता त्यांनाच बरोबर घ्या, चालीचा वेग आपोआप रोजचा राहतो. पायातही रोजचंच असू द्या. चपलेत पाऊल वेगळं पडतं, बुटात वेगळं. पावसाळ्यात घसरड्या वाटेवर तर सगळेच जपून, लहान पावलं टाकतात. त्या दिवसात मोजणी करू नये.

धावपट्टीचं मैदान जवळ असेल तर तेही चांगलं, पण तिथली एक गोष्ट फिरणाऱ्यांना सहसा माहीत नसते. ४०० मीटर असते ती सर्वांत आतल्या मार्गिकेची फेरी. प्रत्येक मार्गिका १.२२ मीटर रुंद, त्यामुळे एकेक मार्गिका बाहेर गेलं की फेरी साडेसात मीटरच्या आसपास वाढते. आठव्या मार्गिकेत ती सुमारे ४५३ मीटरची होते. धावणाऱ्यांच्या वाटेत नको म्हणून सज्जनपणे कडेनं चालणाऱ्या माणसानं पाच फेऱ्या मारल्या की दोन किलोमीटरऐवजी सव्वादोन होतात, आणि तो घरी येऊन घड्याळ जास्त दाखवतं म्हणून कुरकुरतो. इथे घड्याळ बरोबर होतं.

एवढं करून आलेला आकडा किती महत्त्वाचा? पासष्ट सेंटीमीटरच्या पावलात एका सेंटीमीटरची चूक म्हणजे दीड टक्का, पाच किलोमीटरमागे पाऊणशे मीटर. हे सोडून द्या. पाच सेंटीमीटरची चूक असेल तर मात्र तेच पावणेचारशे-चारशे मीटरवर जातं. तेव्हा मिलिमीटरचा आग्रह नको, पण अंदाजपंचेही नको.

एक आकडा सगळ्या चालीला लागू पडत नाही, हेही लक्षात असू द्या. वेग म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं गुणिले पावलाची लांबी. वेग वाढवला की दोन्ही वाढतात. मिनिटाला १०० पावलं आणि ६५ सेंटीमीटरचं पाऊल असेल तर ताशी ३.९ किलोमीटर. तोच माणूस घाईत असला, १२० पावलं आणि ७० सेंटीमीटर, तर ताशी पाचच्या थोडं वर. आणि तोच संध्याकाळी मंगळ बाजारात, पुढे लारी, मागे स्कूटर, हातात पिशवी, तेव्हा चाळीस-पन्नास सेंटीमीटरवर येतो. घड्याळ या तिन्ही चालींना एकच लांबी लावतं. त्यामुळे आकडा सकाळच्या फिरण्याचा भरा, कारण ज्या अंतराशी आपल्याला देणंघेणं आहे ते तेच. बाजारातले किलोमीटर फुगलेले दिसतील, दिसू देत.

आकडा भरायचा कुठे

गार्मिनच्या घड्याळांना ॲपमध्ये स्वतःची पावलाची लांबी देता येते, चालण्याची वेगळी आणि धावण्याची वेगळी. ॲपल वॉचची रीत निराळी आहे: तिथे आकडा टाइप करायचा नसतो. मोकळ्या, सपाट जागी, घड्याळातल्या वर्कआउटमध्ये बाहेरचं चालणं निवडून रोजच्या वेगानं वीसेक मिनिटं चालायचं. घड्याळ जीपीएसवरून पावलाची लांबी शिकतं आणि पुढे जीपीएस नसताना तीच वापरतं. घड्याळ आधी दुसऱ्या कोणी वापरलं असेल, किंवा तुमच्याच चालण्यात ऑपरेशननंतर फरक पडला असेल, तर आयफोनवरच्या वॉच ॲपमध्ये प्रायव्हसीखाली जुनं कॅलिब्रेशन, म्हणजे घड्याळानं आधी शिकलेली पावलाची लांबी, पुसायची सोय आहे. ते पुसून नव्यानं शिकवा. इतर कंपन्यांच्या ॲपांत हा रकाना बहुधा प्रोफाइलमध्ये, उंची-वजनाच्या आसपास सापडतो.

स्वस्तातल्या अनेक बँडांच्या ॲपात मात्र पावलाची लांबी भरायची सोयच नसते. फक्त उंची. तिथे एक पळवाट आहे: हव्या त्या पावलाला ०.४१३ किंवा ०.४१५ नं भागा आणि आलेली खोटी उंची भरा. मघाच्या काकूंनी ६६ सेंटीमीटरसाठी १६० उंची लावली की अंतर जुळेल. पण मला ही युक्ती फारशी पसंत नाही. त्याच उंचीवरून ॲप बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, काढतं आणि कॅलरींच्या हिशेबातही तिचा वापर होतो. एक आकडा सरळ करायला दोन वाकडे करायचे. त्यापेक्षा भागाकार लक्षात ठेवावा. घड्याळ ३.४ दाखवतं तेव्हा खरे ३ असतात, एवढं कळलं की रोजचं काम भागतं.

पावलंच चुकत असतील तर

ही तपासणी दोन मिनिटांची आहे. घड्याळातला पावलांचा आकडा लिहून घ्या, उजव्या पायाची १०० पावलं मोजत चाला, म्हणजे एकूण २००. थांबा, अर्धा मिनिट जाऊ द्या, कारण आकडा थोडा उशिरा पुढे सरकतो. मग बघा. १९४ ते २०६ च्या आसपास असेल तर मोजणी ठीक आहे, दुखणं पावलाच्या लांबीत आहे.

कमी मोजत असेल तर आधी हाताकडे बघा. बँड मनगटावर आहे, पायावर नाही. हात झुलला नाही तर त्याच्या लेखी तुम्ही उभे आहात. बाबागाडी ढकलणं, मॉलमधली ट्रॉली, हात खिशात, छत्री, नातवाचं बोट धरलेलं, फोन कानाला, या सगळ्यांत पावलं गळतात. काठी घेऊन चालणाऱ्या आजोबांचा बँड काठीच्या हातात असेल तर तो दुसऱ्या हातात घाला. तेवढ्यानं पुष्कळ फरक पडतो. अगदी सावकाश, पाय घासत चालणाऱ्यांची पावलं मनगटावरचं यंत्र नीट पकडत नाही, कारण धक्का फार हलका असतो. त्यांच्यासाठी कमरेला लावायचं साधं पावलमापक किंवा पँटच्या खिशातला फोन बहुतेकदा जास्त बरोबर मोजतो. जपानमध्ये १९६५ साली 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक, बाजारात आलं ते कमरेलाच लावायचं होतं; आज सगळे ज्या दहा हजारांच्या मागे लागलेत तो आकडा त्या नावाबरोबर पसरला. दहा हजार पावलं म्हणजे ६० सेंटीमीटरच्या पावलानं सहा किलोमीटर आणि ७५ च्या पावलानं साडेसात, हेही जाता जाता.

घरातल्या घरात चालणं कमी दिसतं त्याचं कारण आणखी एक. ओट्यापासून फ्रिजपर्यंत चार पावलं, तिथून दारापर्यंत सहा. बरीच यंत्रं सलग काही पावलं पडल्याशिवाय मोजायला सुरुवातच करत नाहीत, म्हणजे नुसता हात हलला तर तो पाऊल म्हणून लागू नये. त्यामुळे दिवसभर घरात राबणाऱ्या बाईचे कष्ट या यंत्राला फारसे दिसत नाहीत. ते फक्त यंत्राच्याच बाबतीत खरं आहे असं नाही, पण तो विषय वेगळा.

उलट, जास्त मोजणी होते ती तालात हात हलला की. पोळ्या लाटणं, भजनातल्या टाळ्या, खडबडीत रस्त्यावरून स्कूटर. उत्तरायणात दिवसभर गच्चीवर पतंगाची दोरी खेचणाऱ्यांचा आकडा पाहून त्यांनाच आश्चर्य वाटतं. सेटिंगमध्ये बँड कोणत्या हातात आहे ते विचारलेलं असतं. उजव्या हातात घालून तिथे डावा लिहिला असेल तर ते दुरुस्त करा. काही यंत्रं कामाच्या हातासाठी संवेदनशीलता कमी करतात, म्हणून हा रकाना दिसतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

नवरात्राचं काय

बडोद्यात राहून या प्रश्नाला बगल देता येत नाही. नवलखीच्या मैदानावर किंवा एखाद्या पोळीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या अरुंद गल्लीतल्या, चौकात रात्री बारापर्यंत गरबा खेळून आलेला माणूस सकाळी सांगतो, बारा हजार पावलं, जवळजवळ आठ किलोमीटर. पावलांबद्दल मी वाद घालत नाही. पाय खरंच तितके पडले असतील, घामही खरा. पण आठ किलोमीटर हा शुद्ध गुणाकार आहे: १२,००० गुणिले ६५ सेंटीमीटर. त्रण ताळीत, म्हणजे तीन टाळ्यांच्या गरब्यात, माणूस दोन पावलं पुढे जातो, एक मागे येतो, टाळीला वळतो, जागच्या जागी पाय टेकतो. एकेक पाऊल चालण्याच्या पावलाच्या निम्म्याचंही नसतं. शिवाय टाळ्या आहेतच, त्यातल्या काही पावलांच्या खात्यात जमा होतात.

यावर सेटिंगमध्ये काही करू नका. नवरात्रासाठी पावलाची लांबी कमी करायची आणि दसऱ्याला पुन्हा वाढवायची, असं करणारे भेटले आहेत. ते दसऱ्याला विसरतात आणि दिवाळीपर्यंत कमी किलोमीटर बघून खट्टू होतात. घड्याळात नृत्याचा पर्याय असेल तर तो चालू करून खेळा, म्हणजे त्या वेळेची नोंद निराळी राहते. नसेल तर गरब्याची मिनिटं आणि नाडीचे ठोके बघा, किलोमीटरकडे दुर्लक्ष करा. ऑफिसच्या चालण्याच्या स्पर्धेत मात्र या नऊ रात्रींचे किलोमीटर धरायचे की नाही, ते स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच ठरवून घ्या. नंतर भांडणं होतात.

जीपीएस असूनही आकडा चुकतो तेव्हा

"माझ्यात जीपीएस आहे" असं म्हणणाऱ्या निम्म्या लोकांच्या घड्याळात तो नसतो. घड्याळ फोनचा जीपीएस उसना घेतं. फोन घरी राहिला, किंवा ॲपला लोकेशनची परवानगी दिलेली नाही, की ते गुपचूप पावलांच्या हिशेबावर येतं आणि तुम्हाला सांगतही नाही. ओळखायची खूण सोपी: फिरून आल्यावर नकाशावर रेघ उमटली आहे का बघा. रेघ नाही म्हणजे जीपीएस नाही.

रेघ आहे पण अंतर कमी आहे, असं असेल तर ती जवळून पाहा. दांडिया बाजारातून निघून सूरसागराला वळसा घातलात, आणि नकाशावर तुम्ही पाण्यावरून सरळ चालत गेलेले दिसता? फोननं बॅटरी वाचवायला ॲप मधेच झोपवलं. दोन टोकं मिळाली, मधली वाट गेली, ॲपनं सरळ रेघ ओढली. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपपुरती बॅटरी बचत बंद करा.

अंतर जास्त येत असेल तर रेघ वेडीवाकडी, करवतीच्या दातांसारखी दिसेल. मोकळ्या आकाशाखाली साधा फोन साधारण पाच मीटरच्या आत जागा सांगतो. पण लहरीपुरा दरवाजातून मांडवीवरून पाणीगेटकडे निघालात आणि मधेच एखाद्या पोळीत शिरलात, की दोन्हीकडच्या भिंतींवर आदळून येणारे सिग्नल तुम्हाला कधी या ओटल्यावर ठेवतात, कधी त्या. प्रत्येक उडीचं अंतर बेरजेत जातं. कामाटीबागेतल्या दाट झाडांखालीही थोडंफार हेच. अशा जागी नीट मोजलेल्या पावलाच्या लांबीवरचा हिशेब जीपीएसपेक्षा बरोबर निघतो, हे बऱ्याच जणांना पटत नाही, पण टेपनं मोजलेल्या वाटेवर एकदा दोन्ही करून बघा. घराबाहेर पडताच लगेच सुरू करायचं बटण दाबू नका; उघड्यावर मिनिटभर थांबून जीपीएस लागल्याची खूण आली की मग निघा, नाहीतर पहिले दीड-दोनशे मीटर कुठेतरी हरवतात.

ट्रेडमिलवर जीपीएसचा प्रश्नच येत नाही, तिथे सगळा कारभार पावलाच्या लांबीवर. दांडा धरून चाललात तर हात झुलत नाही आणि पावलंही गळतात. मशिनचा आकडा आणि घड्याळाचा आकडा जुळत नसेल तर मशिनलाच देव मानू नका, पट्टा जुना झाला की तोही हिशेबात ढिला पडतो.

राहिली एक तक्रार: फोनवर एका ॲपात पावलं दुप्पट. फोनही मोजतो, घड्याळही मोजतं, आणि तिसरं एखादं ॲप दोन्हींची बेरीज करून मोकळं होतं. आयफोनवरचं हेल्थ ॲप दोन्ही यंत्रांची एकाच वेळची पावलं दोनदा धरत नाही, तिथे कोणत्या यंत्राला आधी मानायचं त्याचा क्रमही ठरवता येतो. बाकीकडे ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन पावलांचा स्रोत एकच ठेवा, शक्यतो घड्याळ.

आणि आपल्या पावलाचा आकडा कुठेतरी कागदावर लिहून ठेवा, औषधांच्या डायरीत लिहिलात तरी चालेल. फोन बदलला, ॲप काढून पुन्हा टाकलं, घड्याळ रीसेट केलं, की ॲप बहुधा परत उंचीच्या ठोकताळ्यावर येतं, आणि कधीकधी मैलांवरसुद्धा. पुन्हा टेप घेऊन रस्त्यावर उतरण्यापेक्षा ते दोन रकाने भरणं सोपं.